नाक कुठून आणायचे?

काही वर्षांपूर्वी विज्ञान शिक्षकांच्या एका शिबिरासाठी महाडला गेले होते. शिबिर ज्या शाळेत होते तिथल्या नववीच्या वर्गात भिंतीवरच्या फलकावर वर्तमानपत्राचे एक रंगीत कात्रण लावलेले होते. हरियाणातल्या राखीगढी येथे सापडलेल्या साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या दोन माणसांचे चेहरे त्यात छापले होते. कवट्यांवरून संगणकाच्या साहाय्याने घडवलेले. मधल्या सुट्टीत मुले त्या कात्रणासमोर गोळा झाली होती आणि एक वेगळाच खेळ चालू होता. चित्रातले नाक कोणाच्या नाकाशी जुळते, याचा. दोघा-तिघांची नाके पसंत ठरली. मागच्या बाकावरच्या एका मुलाला मात्र निकाल सुनावण्यात आला, "तुझं नाक यात बसतच नाही. तू बाहेरचा."

मुले हसली, तोही हसला, घंटा झाली. पण वर्गशिक्षिका अस्वस्थ झाल्या. कात्रण त्यांनीच हौसेने लावले होते. शिबिरात त्यांनी मला सरळ विचारले, "या चित्रातलं खरं किती आणि काढणाऱ्याच्या मनातलं किती? नाक तर हाडाचं नसतंच. मग हे नाक आणलं कुठून?"

प्रश्न इतका नेमका होता की माझे ठरलेले भाषण मी बाजूला ठेवले. त्या दिवशी जे सांगितले आणि पुढे वाचनात जी भर पडली, ते सारे इथे मांडते आहे.

आपल्या स्वतःच्या नाकापासून सुरुवात करू. दोन डोळ्यांच्या मधोमध बोट ठेवा आणि हळूहळू खाली आणा. सुरुवातीला कठीण लागते, ती दोन छोटी नासास्थी. साधारण मध्यावर कठीणपणा संपतो आणि बोटाखालचा भाग डावी-उजवीकडे हलू लागतो. इथून पुढे कूर्चा आहे. माणूस मेल्यावर कूर्चा कुजून जाते, हाड उरते. म्हणून कवटीला नाकाच्या जागी नुसते पानाच्या आकाराचे भोक दिसते. कान, ओठ, पापण्या यांचेही तसेच. म्हणजे ज्यांच्यावरून आपण माणूस ओळखतो ते बहुतेक अवयव कवटीवर नसतातच.

मग चेहरा घडवतात कसा? याची पहिली गाजलेली हकीकत एका संगीतकाराची आहे. जर्मनीतल्या लाइपझिग शहरात १८९४ साली एका चर्चच्या आवारात खोदकाम झाले आणि योहान सेबास्टियन बाख यांचा असावा असा सांगाडा मिळाला. तो त्यांचाच का, हे ठरवण्याचे काम विल्हेल्म हिस या शरीररचनाशास्त्रज्ञाकडे आले. हिस यांनी एक साधी युक्ती केली. मृतदेहांच्या चेहऱ्यावर ठरावीक ठिकाणी सुई टोचून ती हाडाला टेकेपर्यंत किती आत जाते, हे त्यांनी मोजले. कपाळावर मांस-कातडीचा थर अगदी पातळ, पाचेक मिलिमीटरच्या आसपास. हनुवटीवर त्याच्या दुप्पट, गालावर त्याहूनही बराच जास्त. या मापांच्या सरासरीनुसार कार्ल सेफनर या शिल्पकाराने कवटीच्या प्रतिकृतीवर माती चढवली. तयार झालेला चेहरा बाखच्या चित्रांशी जुळला. अर्थात बाखची चित्रे शिल्पकाराला आधीपासून माहीत होती. ही अडचण पुढेही वारंवार भेटते. उत्तर माहीत असताना सोडवलेल्या गणितावर विश्वास किती ठेवायचा?

हिस यांचे हे काम १८९५ चे. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात राँटगेन यांना क्ष-किरण सापडले, आणि १८९६ च्या मार्चमध्ये फ्रँकफुर्टमध्ये वाल्टर कोनिग यांनी इजिप्तमधल्या एका बालकाच्या आणि एका मांजराच्या ममीची क्ष-किरण छायाचित्रे घेतलीसुद्धा! ममीच्या पट्ट्या न सोडता आत पाहता येते, हे समजायला फक्त चार महिने लागले. त्याआधी युरोपात ममी सोडण्याचे जाहीर कार्यक्रम होत, लोक ते तमाशासारखे पाहायला जात, आणि एकदा सोडलेली ममी कायमची बिघडे.

पण साध्या क्ष-किरण चित्रात एक मोठी उणीव असते. पुढचे-मागचे सगळे एकमेकांवर पडते, कंदिलाच्या उजेडात भिंतीवर पडणाऱ्या सावलीसारखे. हाताची बोटे एकामागे एक धरली तर सावलीत ती मोजता येत नाहीत. ही उणीव भरून काढली सीटी स्कॅनने. गॉडफ्रे हाउन्सफील्ड या अभियंत्याने बनवलेल्या यंत्रावर लंडनजवळच्या एका इस्पितळात ऑक्टोबर १९७१ मध्ये पहिल्या रुग्णाचा मेंदू पाहिला गेला. १९७९ साली अ‍ॅलन कॉर्मॅक यांच्याबरोबर त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. या यंत्रात क्ष-किरणांचा स्रोत शरीराभोवती फिरतो, वेगवेगळ्या दिशांनी सावल्या टिपतो, आणि संगणक त्या सगळ्या सावल्यांवरून शरीराच्या एकेका पातळ चकतीचे चित्र काढतो. चकत्या एकावर एक रचल्या की आख्खी वस्तू उभी राहते. काकडीच्या चकत्या पुन्हा ओळीने लावून काकडी करावी, तसे.

प्रत्येक चकतीच्या प्रत्येक ठिपक्याला एक अंक मिळतो. पाण्याला शून्य, हवेला उणे हजार, हाडाला काही शेकड्यांपासून हजाराच्या वर. "अमुक अंकाच्या वरचे ठिपके तेवढे दाखव" असे संगणकाला सांगितले की कातडी, कापड, सारे अदृश्य होऊन कवटी पडद्यावर येते. हे जिवंत माणसात सोपे. ममीत मात्र वाळलेले मांस, ओतलेली राळ आणि हाड यांचे अंक कुठे कुठे जवळ येतात. जमिनीत पुरलेल्या कवटीत माती घट्ट भरलेली असते आणि वरच्या ओझ्याने कवटी चेपलेलीही असते. तिथे यंत्राचा अंक पुरत नाही. हाड कुठे संपते आणि माती कुठे सुरू होते, हे जाणकार माणसालाच ठिपक्या-ठिपक्याने ठरवावे लागते.

१९७६ साली कॅनडातल्या टोरांटोमध्ये नख्त नावाच्या, सुमारे तीन हजार दोनशे वर्षांपूर्वीच्या विणकर मुलाचा वाळलेला मेंदू सीटी यंत्रात ठेवला गेला, आणि तिथून ममींची रांग लागली. त्या रांगेतली एक ममी मुंबईतही येऊन गेली. नोव्हेंबर २०१२ ते मार्च २०१३ या काळात छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, म्हणजे पूर्वीच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, ब्रिटिश म्युझियमचे प्रदर्शन भरले होते. त्यात नेस्पेरेन्नुब या कर्नाकच्या पुजाऱ्याची, इसवी सनापूर्वी सुमारे ८०० मधली ममी होती. पेटी न उघडता, पट्ट्या न सोडता स्कॅनवरून त्याचे शरीर पडद्यावर दाखवत होते. त्याच्या डोक्याला एक मातीचे भांडे चिकटलेले दिसत होते. बहुधा राळ गळू नये म्हणून कारागिराने ते डोक्याखाली ठेवले असावे, राळ वाळली, भांडे निघेना, तेव्हा तसेच गुंडाळून टाकले! अठ्ठावीसशे वर्षांपूर्वीची कामचुकारी सीटी स्कॅनने पकडली. कवटीवरून त्याचा चेहराही घडवला गेला.

ममी बनवणाऱ्यांनाही नाकाची चिंता होती, बरे का. मेंदू काढण्यासाठी ते नाकपुडीतून सळई घालून नाकाच्या मुळाशी असलेले चाळणीसारखे हाड फोडत. शिवाय घट्ट पट्ट्यांखाली नाक चपटे व्हायची भीती. इसवी सनापूर्वी १२१३ मध्ये वारलेल्या दुसऱ्या रामसेसची ममी १९७६ साली उपचारासाठी पॅरिसला नेली, तेव्हा त्याच्या नाकपुड्यांत काळी मिरी भरलेली आढळली. मिरवेल मूळची आपल्या पश्चिम किनाऱ्यावरच्या मलबारची. आपल्या परसातल्या माडावर चढणाऱ्या वेलीचे दाणे इजिप्तच्या राजाचे नाक सावरायला गेले होते. म्हणून रामसेसचे बाकदार नाक आजही दिसते. ते अनुमान करावे लागत नाही.

पण ज्यांच्या नाकात कोणी मिरी भरली नाही, त्यांचे काय? इथे रशियाच्या मिखाईल गेरासिमोव्ह यांचे नाव घ्यावे लागते. १९४१ च्या जूनमध्ये समरकंद येथे त्यांनी तैमूरलंगाची कबर उघडली. सांगाड्यावरून तो खरोखरच लंगडा होता हे दिसले, आणि कवटीवरून त्यांनी त्याचा चेहरा घडवला. नाकासाठी त्यांची रीत अशी: नासास्थीच्या शेवटच्या टोकाच्या दिशेने एक रेषा खाली ओढायची, नाकाच्या भोकाच्या तळाशी हाडाचा एक छोटा काटा असतो, त्याच्या दिशेने दुसरी रेषा पुढे ओढायची, दोन्ही जिथे छेदतील तिथे नाकाचे टोक. रुंदीसाठी दुसरा आडाखा. भोकाची रुंदी ही नाकाच्या रुंदीच्या सुमारे तीन पंचमांश धरायची. पुढे या रेषांच्या रीतीची तपासणी झाली, तेव्हा काहींना ती ठीक आढळली, काहींना फारशी नाही. त्यातून तो काटा अतिशय नाजूक. पुरलेल्या कवटीत बहुधा तोच आधी मोडतो.

एकूण चेहरा कितपत बरोबर येतो? याची चांगली परीक्षा २००६ साली कॅरोलाइन विल्किन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घेतली. जिवंत माणसांच्या सीटी स्कॅनमधून फक्त कवटी घ्यायची, खरा चेहरा न दाखवता त्यावरून चेहरा घडवायचा, आणि मग खऱ्याशी ताडून पाहायचे. चेहऱ्याच्या पृष्ठभागाचा सुमारे ६७ टक्के भाग दोन मिलिमीटरच्या आत जुळला. मला हा निकाल उत्तम वाटतो. पण उरलेला तिसरा हिस्साही विसरायचा नाही, आणि हेही विसरायचे नाही की ही हाडे ताजी, अखंड होती.

तुतनखामेनच्या बाबतीत हा तिसरा हिस्सा उघड दिसला. जानेवारी २००५ मध्ये त्याच्या ममीची सुमारे १७०० सीटी चित्रे घेतली गेली आणि इजिप्त, फ्रान्स व अमेरिका अशा तीन चमूंनी स्वतंत्रपणे चेहरे घडवले. अमेरिकी चमूला कवटी कोणाची हे सांगितलेच नव्हते. बाखच्या वेळची अडचण या वेळी टाळली होती. डोक्याची आणि चेहऱ्याची एकूण ठेवण जुळली. फरक पडला तो मुख्यतः नाकाच्या शेंड्यात आणि कानांत. आणि भांडण झाले ते कातडीच्या रंगावरून! फ्रेंच चमूच्या पुतळ्याचा रंग फार गोरा आहे म्हणून अमेरिकेत निदर्शने झाली. कवटी याबाबत काहीच बोलत नाही. सीटी स्कॅनला रंग दिसत नाही. प्राचीन डीएनए मिळाला तर रंगाचा अंदाज करता येतो. इंग्लंडमधल्या सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीच्या चेडर मानवाची कातडी सावळी असावी, हे २०१८ साली अशाच अभ्यासातून पुढे आले. पण उष्ण प्रदेशात डीएनए टिकणे दुर्मीळ.

आता आपल्या कात्रणाकडे येऊ. राखीगढीचे उत्खनन २०१३ ते २०१६ या काळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजने वसंत शिंदे यांच्या नेतृत्वाखाली केले. तिथल्या दफनभूमीतल्या दोन कवट्यांच्या सीटी स्कॅनवरून दक्षिण कोरियातल्या तज्ज्ञांच्या सहकार्याने चेहरे घडवले गेले आणि तो शोधनिबंध २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. काम शिस्तीचे आहे. पण त्याच वर्षी राखीगढीचा जो डीएनए अभ्यास छापून आला, त्यात एकसष्ट नमुने तपासून पुरेसा डीएनए फक्त एकातून, एका स्त्रीच्या सांगाड्यातून मिळाला होता. तेव्हा कात्रणातल्या गालाची उंची, जबड्याची रुंदी, डोळ्यांमधले अंतर यांना हाडाचा आधार आहे. नाकाच्या वरच्या अर्ध्या भागाला आहे, शेंड्याला आडाख्याचा. रंग, केस, भुवया, ओठांची मिटणूक या गोष्टी कोणीतरी निवडल्या आहेत. वर्तमानपत्रांनी चर्चा केली ती नेमकी नाकाची. २०२५ मध्ये तमिळनाडूतल्या कीळडीजवळच्या कोंडगई येथील दोन कवट्यांचे चेहरे लिव्हरपूलच्या प्रयोगशाळेत तयार झाले, तेव्हाही हे आर्य की द्रविड, यावरच लोक बोलत राहिले. शिवाय दोन कवट्या म्हणजे दोन माणसे. तुमच्या वर्गातल्या कोणत्याही दोन मुलांचे फोटो काढून "हे महाडकर" असे खाली लिहिले तर चालेल का?

महाडात बसून नाकाविषयी बोलताना एक जुनी गोष्ट आठवल्यावाचून राहत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हर्बर्ट रिस्ले या इंग्रज अधिकाऱ्याने हजारो हिंदी माणसांची नाके मोजवून घेतली. नाकाची रुंदी भागिले उंची गुणिले शंभर, हा झाला नासिका निर्देशांक. माणसाचा सामाजिक दर्जा नाकाच्या रुंदीच्या व्यस्त प्रमाणात असतो, असा निष्कर्ष त्यांनी काढला. हेच रिस्ले पुढे १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त होते. मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये यांनी १९३२ च्या आपल्या ग्रंथात ही मापे पुन्हा तपासली आणि उत्तर हिंदुस्थानाबाहेर जातींची उतरंड व नाकांची मापे यांचा मेळ बसत नाही असे दाखवले. आणि ज्यांनी २० मार्च १९२७ रोजी याच महाडात चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ च्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात घुर्ये यांचीच कोष्टके घेऊन युक्तिवाद केला. त्याचा आशय असा की मोजमापाचे हे शास्त्र जर विश्वासार्ह असेल, तर त्यातून ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे ठरतात. त्या वाक्यातला 'जर' मला फार महत्त्वाचा वाटतो. आज आपल्याला माहीत आहे की नाकाच्या रुंदीचा हवेच्या उष्णतेशी आणि दमटपणाशी संबंध आहे.

शिबिराच्या दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे गांधारपाल्याची लेणी पाहायला गेलो. महामार्गालगतच्या डोंगरात सुमारे तीस बौद्ध लेणी आहेत, इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांतली. एका शिलालेखात विष्णुपालित काणभोज या कुमाराने लेणे, चैत्यगृह, खोल्या आणि पाण्याची टाकी दान दिल्याचे कोरले आहे. वर्गशिक्षिका म्हणाल्या, "राखीगढीच्या माणसाचा चेहरा आहे, नाव नाही. याचं नाव आहे, चेहरा नाही." चेहरा मिळण्याची आशाही कमीच. एक तर दहनाची चाल. त्यातून कोकणातली जांभी माती आम्लधर्मी, वर मुसळधार पाऊस. हाडाचा कठीणपणा कॅल्शियम फॉस्फेटच्या एका खनिजामुळे असतो आणि ते आम्लात विरघळते. वर्गात करून पाहा: कोंबडीच्या तंगडीचे स्वच्छ हाड आठवडाभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा, दोन-तीनदा व्हिनेगर बदला. हाड रबरासारखे वाकते. घाट चढून वर देशावर गेले की माती बदलते, तिच्यात चुन्याचा अंश असतो. म्हणून शिरूर तालुक्यातल्या घोड नदीकाठच्या इनामगावात, डेक्कन कॉलेजच्या १९६८ ते १९८३ मधल्या उत्खननात, सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीचे दोनशेहून अधिक दफनांचे अवशेष मिळाले. लहान मुलांना दोन रांजण तोंडाला तोंड लावून, त्यात ठेवून घराच्या जमिनीखालीच पुरलेले असे.

परतल्यावर राहिलेल्या वेळात आम्ही एक प्रयोग केला. मी बरोबर प्लास्टरच्या तीन सारख्या कवट्या नेल्या होत्या. शिक्षकांचे तीन गट केले, मांसाच्या जाडीचे एकच कोष्टक सगळ्यांना दिले, काड्यापेटीच्या काड्या मापाने कापून खुणांच्या जागी चिकटवल्या आणि शाडूची माती चढवायला सांगितले. रायगड जिल्ह्यात शाडूला आणि ती हाताळणाऱ्या हातांना तोटा नाही. एका शिक्षकांच्या घरी गौरीचे मुखवटे करतात. त्यांनी सहज सांगितले, "आम्ही नाक ठरवतो आणि बाकीचा चेहरा त्याच्या मागून येतो. इथे उलटं आहे."

संध्याकाळी तिन्ही मुखवटे टेबलावर ठेवले. कपाळे सारखी, गालफडे सारखी, जबडे जवळजवळ सारखे. नाके तीन तऱ्हेची. एक धारदार, एक बसके, एक किंचित डावीकडे झुकलेले. वर्गशिक्षिकांनी तिन्ही चेहरे नववीच्या वर्गात त्या कात्रणाच्या खाली मांडून ठेवले आणि मुलांना निळा-लाल खडू दिला. जे हाडावरून आले त्याला निळी खूण, जे करणाऱ्याने ठरवले त्याला लाल. मुलांनी आधी मुखवट्यांवर खुणा केल्या, मग कात्रणावर. मागच्या बाकावरच्या त्या मुलाने कात्रणातल्या नाकाच्या शेंड्यावर लाल ठिपका ठेवला आणि नासास्थीच्या जागी बोट टेकवून विचारले, "बाई, इथपर्यंत निळा ना?"